बापाचे घर, मुलाची कादंबरी

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने घर बांधले आहे, त्याला या म्हणीचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. पाया खणताना गाठीला असलेला पैसा छपरापर्यंत पुरत नाही. मग सोसायटी झाली, सावकार झाला, मेव्हणे-पाहुणे झाले, सगळ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. घर उभे राहिले तरी पुढची दहा वर्षे कर्ज मानेवर बसलेले असते. इतके असून माणूस घर करतोच. का बरे करतो?

या एवढ्याशा प्रश्नावर पाचशेहून अधिक पानांची एक कादंबरी लिहिली गेली आहे. तिचे नाव 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास', म्हणजे 'श्री. बिस्वास यांच्यासाठी एक घर'. ती १९६१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. लेखक विद्याधर सूरजप्रसाद नायपॉल. नाव आपल्याकडचे वाटते ना? पण हा गृहस्थ जन्मला भारतापासून हजारो मैल दूर, वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर. या लेखकाला २००१ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची कहाणी आज तुम्हांला सांगायची आहे. मात्र ती एकट्या त्याची सांगून चालणार नाही. त्याच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. त्याचे कारण पुढे आपोआप कळेल.

आधी हे लोक तिकडे गेले कसे, ते पाहू. त्रिनिदाद हे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचे बेट. आकाराने आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही लहान. इंग्रजांचे राज्य आणि उसाचे मोठमोठे मळे. त्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत. १८३८ साली हे गुलाम पुरते मोकळे झाले आणि मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता ऊस तोडायचा कोणी? उत्तर शोधले ते हिंदुस्थानात. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे गलबत कलकत्त्याहून निघालेल्या मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांच्या वर माणसे या बेटावर उतरली. बहुतेक सारी आजचा पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहार या भागांतली.

यांना गिरमिटिया म्हणत. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे आपल्या लोकांच्या तोंडी झालेले रूप म्हणजे गिरमिट. पाच वर्षे मळ्यावर राबायचे, विनापरवानगी मळा सोडला तर तुरुंग, आणि बेटावर दहा वर्षे भरली म्हणजे परतीच्या प्रवासाची सोय, असा तो करार. कोकणातून मॉरिशसला गेलेले मराठी मजूर याच पद्धतीने गेले. थोडे परत आले. पुष्कळजण तिथेच राहिले. तुळस लावली, झेंडा रोवला, रामायण वाचले, आणि पोरांच्या पिढीला हिंदुस्थान हा फक्त ऐकीव देश राहिला.

अशाच एका घरात १९०६ साली सीपरसाद नायपॉल यांचा जन्म झाला. हे आपल्या लेखकाचे वडील. त्यांचे वडील ते लहान असतानाच वारले. पदरात पोरे, हाती पैसा नाही, नातेवाइकांच्या दारी राहायचे. आईने ठरवले, परत हिंदुस्थानात जावे. नेल्सन नावाच्या छोट्या बेटावर मजुरांचा तळ होता. तिथून जहाज सुटायचे. सगळे तिथवर पोचले, आणि ऐनवेळी या लहानग्याला प्रवासाची अशी धास्ती बसली, की तो समुद्रावर बांधलेल्या संडासात जाऊन लपला. आई आपला बेत रद्द करीपर्यंत तो बाहेर आला नाही. जहाज गेले, कुटुंब राहिले. पुढे विद्याधर नायपॉलांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. एक भेदरलेले पोर लपले म्हणून एका घराण्याचा देश ठरला!

थोरला भाऊ उसाच्या शेतावर मजुरीला गेला, म्हणून सीपरसादला शाळेत जाता आले. तो इंग्रजी शिकला. मोठा झाल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पाट्या रंगवता रंगवता तो शगवानास नावाच्या गावी कपिलदेव घराण्याच्या दुकानात गेला. बरं का, या गावाचे नाव मुळात तिथल्या एका आदिवासी जमातीचे. ती जमात केव्हाच नाहीशी झाली. आपल्या लोकांना ते नाव उच्चारायला अवघड वाटे, म्हणून ते त्याला सरळ 'चौहान' म्हणत. माणूस परमुलखात गेला की शब्दसुद्धा आपल्या घरचे करून घेतो, तो असा.

कपिलदेव मंडळी पैसेवाली आणि ब्राह्मण. त्यांचा भर बाजारात मोठा वाडा होता. दर्शनी भागावर सिंह बसवलेले, म्हणून त्याला लायन हाउस म्हणतात. या घरातली मुलगी द्रौपदी हिच्याशी सीपरसादचे १९२९ साली लग्न झाले. नवरा गरीब, सासर श्रीमंत. पुढचे काय ते तुम्हीच ओळखा. मराठीत 'घरजावई' हा एकच शब्द उच्चारला, की माणसाच्या वाट्याला आलेले सारे टोमणे डोळ्यांपुढे उभे राहतात. या वाड्यातच १७ ऑगस्ट १९३२ रोजी विद्याधरचा जन्म झाला. सात भावंडांतला हा दुसरा.

सीपरसादला लिहिण्याचे वेड होते. तो 'त्रिनिदाद गार्डियन' या वर्तमानपत्राला बातम्या पाठवू लागला. पण बातमीदाराला स्वतःच्या समाजाविषयी खरे लिहिणे किती महागात पडते ते पाहा. १९३३ साली बेटावर गुरांमध्ये रेबीजची साथ होती. पुष्कळ शेतकरी सरकारी उपाय न करता कालीमातेला बोकड बळी देत होते. सीपरसादने ते छापले. लगोलग धमकीची चिठ्ठी आली, की तूही तसाच बळी दे, नाही तर तुझे मरण ठरलेले. सुधारणेच्या बाजूने लिहिणारा हा माणूस शेवटी वाकला. त्याने स्वतः बोकड कापला. वरवर त्याने ते हसण्यावारी नेले, पण आतून तो मोडला. नोकरी सुटली. कित्येक दिवस त्याचे मन ठिकाणावर नव्हते. एकदा आरशात पाहिले तर आपला चेहराच दिसत नाही, म्हणून तो ओरडू लागला, असे द्रौपदीबाईंनी पुढे मुलाला सांगितले. मुलाला हे सारे कळले, ते बाप गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

१९३८ साली नोकरी पुन्हा मिळाली आणि कुटुंब पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीच्या शहरात आले. आता पुढचा भाग शिक्षक मंडळींनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

बाप संध्याकाळी मुलांना वाचून दाखवू लागला. अख्खी पुस्तके नव्हेत. अख्खे पुस्तक मुलाला झेपणार नाही, हे त्याला ठाऊक होते. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधली काही भाषणे, डिकन्सच्या कादंबऱ्यांच्या सुरुवातीची काही पाने, ओ. हेन्रीची एखादी गोष्ट, असे वेचे तो निवडी. अवघड वाटेल तिथे सोपे करून सांगे, आपल्याला काय आवडले तेही सांगे. बाराव्या वर्षाच्या आत त्या मुलाच्या मनात असा एक खासगी वेचासंग्रह तयार झाला. त्यात बापाच्या स्वतःच्या गोष्टीही होत्या. कारण सीपरसाद तेव्हा त्रिनिदादमधल्या आपल्याच लोकांवर, त्यांच्या लग्नांवर, भांडणांवर आणि पंडितांवर गोष्टी लिहीत होता, आणि लिहील तसतशा मुलाला वाचून दाखवत होता.

यात मोठे काय, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. डिकन्सच्या पुस्तकातले लंडन, तिथले धुके, तिथली थंडी त्या मुलाने पाहिलेली नव्हती. पुस्तकातले जग एक आणि अंगणातले जग दुसरे. अशा मुलाला सहज वाटू शकते, की गोष्टी होतात त्या दुसऱ्यांच्या. आपल्या गल्लीत, आपल्या आजीच्या ओसरीवर लिहिण्याजोगे काय आहे? बापाच्या गोष्टींनी त्याला दाखवले, की आहे. आपली माणसेही कागदावर येऊ शकतात. पाठ्यपुस्तकाने जे दिले नसते, ते त्या वाचनाने दिले. १९४३ साली सीपरसादने आपल्या गोष्टींचे छोटे पुस्तक तिथेच छापून घेतले. नाव 'गुरुदेव अँड अदर इंडियन टेल्स'. बेटाबाहेर त्याची कोणी दखल घेतली नाही. पण अकरा वर्षांच्या एका मुलाने मनाशी धरले, की आपणही लेखक व्हायचे.

१९४६ च्या अखेरीस सीपरसादने नेपाळ स्ट्रीटवर एक घर घेतले. कर्ज काढून. छोटेसे, उभट, अडचणीचे. पण सासुरवाडीचे नव्हे, आपले. विद्याधर त्या घरात जेमतेम साडेतीन वर्षे राहिला. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १९५० साली तो ऑक्सफर्डला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

त्यानंतर बापलेकांची भेट झाली नाही. झाली ती पत्रांतून. ही पत्रे १९९९ साली पुस्तकरूपाने आली आहेत. बाप मुलाला धीर देतो, लिहीत राहा म्हणतो, घरच्या गोष्टी कळवतो. मुलगा तिकडे एकटा पडलेला, पैशाची ओढ, मधल्या काळात त्याचे मनही आजारी पडलेले. आणि बापाच्या पत्रांत एक विनवणी पुन्हा पुन्हा येते, की माझ्या गोष्टींचे तिकडे कुठे छापण्याचे जमेल का बघ. म्हणजे बघा, मुलाने लेखक व्हावे ही बापाची इच्छा होतीच, पण आपले स्वतःचे लेखक होणेही त्याने सोडले नव्हते. मुलगा आपल्याच काळजीत होता. ते काम राहून गेले. १९५३ च्या सुरुवातीला सीपरसादला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. वय ४७. मुलगा परत गेला नाही. पुढे तो मायदेशी पाय ठेवतो, तो १९५६ साली.

आता आपण रेडिओच्या गोष्टीकडे येऊ, आणि ती या पुस्तिकेत सांगायलाच हवी. लंडनच्या बी.बी.सी.वरून वेस्ट इंडीजसाठी 'कॅरिबियन व्हॉइसेस' नावाचा साहित्याचा कार्यक्रम दर आठवड्याला होई. उना मार्सन या जमैकाच्या कवयित्रीने १९४३ साली तो सुरू केला. पुढे हेन्री स्वान्झी नावाच्या निर्मात्याने बेटाबेटांवरून गोष्टी आणि कविता मागवून तो नावारूपाला आणला. ज्या बेटांवर पुस्तके छापायला प्रकाशक नव्हता, तिथल्या लेखकांना या ध्वनिलहरींनी व्यासपीठ दिले. मानधनही दिले. सीपरसादच्या काही गोष्टी याच कार्यक्रमातून प्रक्षेपित झाल्या. छापखान्याने जे नाकारले, ते रेडिओने थोडेबहुत दिले, असे म्हणायला हरकत नाही.

बाप गेल्यावर वर्षभराने, १९५४ च्या अखेरीस, त्याच कार्यक्रमाच्या संपादनाचे काम विद्याधरला मिळाले. नोकरी कायमची नव्हे, कंत्राटी. अशा हंगामी मंडळींना बसायला लँगम हॉटेलच्या जुन्या इमारतीत एक खोली दिली होती. १९५५ साली एका दुपारी तिथे तो टंकयंत्रासमोर बसला. हाताशी बी.बी.सी.चा खास कागद होता. माइकपुढे पान उलटताना सळसळ होऊ नये असा गुळगुळीत कागद. त्यावर त्याने एक वाक्य उमटवले. पोर्ट ऑफ स्पेनच्या गल्लीतला एक माणूस सकाळी शेजाऱ्याला हाक मारतो, एवढेच ते वाक्य. त्या हाकेमागे दुसरे वाक्य आले, मग तिसरे, आणि काही आठवड्यांत 'मिगेल स्ट्रीट' हे पुस्तक तयार झाले. ते १९५९ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९५७ साली 'द मिस्टिक मॅसर' ही कादंबरी आली होती. ऑक्सफर्डची विद्या, लंडनचे वास्तव्य, आणि लेखणीला वाट सापडली ती लहानपणी ऐकलेल्या गल्लीतल्या हाकेत!

आणि मग १९६१ साली ते घराचे पुस्तक आले. आता तुमच्या ध्यानात आलेच असेल, की हा बिस्वास कोण. सीपरसादच. गोष्टीत फेरफार पुष्कळ आहेत, पण प्राण तोच. मोहन बिस्वास अपशकुनी म्हणून जन्मतो, बाप लहानपणी जातो, तो पाट्या रंगवतो, तुळशी नावाच्या घराण्याचा जावई होतो, आणि त्यांच्या 'हनुमान हाउस' नावाच्या वाड्यात सासू-मेव्हण्यांच्या गर्दीत अडकतो. बायको शामा माहेरच्या बाजूची. हा फटकळ तोंडाचा, टोपणनावे ठेवून सूड घेणारा, पण खिसा रिकामा. दोनदा तो रानात स्वतःचे घर बांधू पाहतो आणि दोन्ही घरे टिकत नाहीत. एकदा तो मुलीसाठी बाहुलीचे घर विकत आणतो. वाड्यातल्या इतर पोरांना काही नाही, हिलाच एवढे मोठे खेळणे, म्हणून कुरबूर सुरू होते. तेव्हा शामा स्वतःच्या हाताने ते घर मोडून टाकते. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणाही बाईला शामाचे हे कृत्य परके वाटणार नाही. ती दुष्ट नाही. तिला त्याच घरात उद्याही राहायचे आहे.

बिस्वासही गोष्टी लिहू पाहतो. नायक नेहमी तेहतीस वर्षांचा, चार लेकरांचा बाप. सुरुवात झोकात होते आणि गोष्ट तिथेच अडते. शेवटी तो शहरात घर घेतो. घाईत घेतलेले. जिना मागच्या बाजूने, दारे नीट लागत नाहीत. त्यावर ३,००० डॉलरचे कर्ज, ८ टक्के व्याज, म्हणजे महिन्याला २० डॉलर नुसत्या व्याजाचे. आजारपणात नोकरी जाते आणि दहा आठवड्यांत तो मरतो. वय ४६.

ही हकीकत कादंबरीकार शेवटी सांगत नाही, पहिल्याच पानांवर सांगून टाकतो. म्हणजे वाचकाला आधीच ठाऊक असते, की माणूस कर्जात मरणार आहे. मग पुढची पाने वाचायची कशासाठी? तर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून. घर वाईट आहे, महाग आहे, तरी त्या घरात तो कोणाचा आश्रित नाही. हे घर नसते तर जसा जन्मला तसाच, जगात जागा नसलेला म्हणून तो गेला असता. ज्यांचे आजोबा करारावर अंगठा उठवून आले, त्यांच्या पोटी जन्मलेल्याला चार भिंती म्हणजे काय, हे पुस्तक वाचून कळते. आणि गंमत म्हणजे पुस्तक रडके नाही. पानोपानी हसू येते.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. नायपॉल इंग्लंडमध्येच राहिले. १९७१ साली 'इन अ फ्री स्टेट'साठी बुकर पारितोषिक मिळाले, १९७९ साली 'अ बेंड इन द रिव्हर' आली, १९९० साली 'सर' किताब मिळाला. धाकटा भाऊ शिवही कादंबरीकार झाला, पण १९८५ साली ऐन चाळिशीत वारला. १९६२ साली नायपॉल आजोबांचा देश पाहायला बोटीने मुंबईला उतरले. मनातला ऐकीव हिंदुस्थान आणि डोळ्यांपुढचा भारत जुळेना. 'अॅन एरिया ऑफ डार्कनेस' हे त्यांचे १९६४ चे पुस्तक फार कडवट आहे. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल यांनी निबंध लिहून त्यांना सडेतोड उत्तर दिले. पुढच्या पुस्तकांसाठी ते पुणे भागातल्या पाणीपुरवठा योजनेवर आणि मुंबईच्या चाळींत फिरले, नामदेव ढसाळांना भेटले. १९९० च्या पुस्तकात त्यांचा सूर निवळलेला दिसतो. पाहण्यापेक्षा ऐकण्यावर भर आलेला दिसतो.

माणूस म्हणून ते सरळ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेविषयी, इस्लामविषयी, लेखिकांविषयी त्यांनी तुच्छतेने बोलून पुष्कळांना दुखावले. पहिली पत्नी पॅट्रिशिया हिने त्यांची हस्तलिखिते जपली, आणि तिलाच त्यांच्याकडून फार सोसावे लागले. पॅट्रिक फ्रेंच यांनी २००८ साली लिहिलेल्या चरित्रात हे सारे आहे. ते चरित्र नायपॉलांच्या संमतीने लिहिले होते, आणि त्यांनी त्यातले काही झाकले नाही. ११ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चांगले पुस्तक लिहिणारा माणूस घरातही चांगला असतोच असे नाही. पुस्तकाचे मोल पुस्तकाजवळ, वागण्याचा हिशेब वागण्याजवळ.

आता राहिली ती बापाची विनवणी. माझ्या गोष्टी तिकडे छापता येतात का बघ, असे जे पत्रांत लिहिले होते, ते १९७६ साली झाले. लंडनच्या प्रकाशकाने 'द अॅडव्हेंचर्स ऑफ गुरुदेव' हे सीपरसाद नायपॉल यांचे पुस्तक काढले. प्रस्तावना मुलाची. त्रिनिदादच्या त्या छोट्या पुस्तकाला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती आणि लेखकाला जाऊन तेवीस. आपण काय काय बापाकडून घेतले, हे मुलाने तिथे कबूल केले आहे.

उशीर झाला खरा. पण संध्याकाळी मोठ्याने वाचलेली चार पाने फुकट गेली नाहीत. गुरुजी, उद्या शेवटच्या तासाला पुस्तक उघडाल, तेव्हा एखादे पान आपल्या गावच्या माणसांचेही घ्या. छापलेले नसेल तर सांगा आणि पोरांकडून लिहवून घ्या. कोणत्या पोराच्या कानात ते राहील, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही.